जगदेवच्या दोन पोरी आणि एक जागा

वाशीम,
दि. ४ जानेवारी

ती. सौ. ताईस,
धाकट्या रेणूचा शि. सा. न. वि. वि.

इथं अकॅडमीत आल्या आल्या धरमसिंग सरांनी आमा सगळ्या पोरींचे मोबाईल पेटीत टाकले आणि कुलूप लावलं. पोलीस भरती होईपर्यंत रविवारी पाच मिनिटं भेटतात, तेवढ्यात आईशीच बोलणं होत नाही. म्हणून तुले पत्र. हसू नको.

आठशे मीटरले मले तीन मिनिटं पाच सेकंद लागून राह्यले. पूर्ण गुण पाहिजेत तर पंधरा सेकंद कमी करावे लागतील. बाबा स्वतः गाडीवर सोडायले आले होते. रिठदले आपल्या घरात कधी अंडं शिजलं नाही, पण सुट्टीत आईनं मले वेगळ्या गंजात चार अंडी उकडून दिली. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले.

एक काम कर. तुझी ती हिरव्या पुठ्ठ्याची गणिताची वही धाड. तुझ्या पद्धतीनं काळ-काम-वेग मले लवकर समजते. तुझ्यावेळचं तुले आठवते का गं? तू रिसोड रोडनं पळायची आणि मी सायकलवर मागं मागं यायची.

भाऊजींना नमस्कार, मंजूले पापा. लोभ भरपूर ठेव, मले इथं त्याची लय गरज आहे.

तुझी रेणू


आसेगाव,
दि. १२ जानेवारी

चि. रेणू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. चार अंडी वाचून मी थोडा वेळ पत्र खालीच ठेवलं. मी पळत होती तेव्हा आई म्हणे, आधी शेण काढ मग कुठं जायचं ते जा. बाबा म्हणत, गावातले लोक काय म्हणतील. मैदानी चाचणीची तारीख आली आणि तिच्या वीस दिवस आधी माझी हळद लागली. आता तेच बाबा तुले गाडीवर सोडतात. चांगली गोष्ट आहे. सहा वर्षांत माणूस सुधारते, पण नेमका माझ्यानंतरच काहून सुधारला, हे कोणाले विचारू?

वहीचं म्हणशील तर ती उंदरांनी कुरतडली. शोधू नको, मागू नको.

इकडं सगळं नेहमीसारखं. हे मालेगावले कृषी केंद्रात जातात, संध्याकाळी येतात. मंजू आता चार वर्षांची झाली, दिवसभर प्रश्न विचारते. सासूबाईंचं म्हणणं की पोरगी माझ्यावर गेली, म्हणजे आगाऊ आहे.

तुमचे सर गोळा कसा शिकवतात ते सविस्तर लिही. माझा गोळा कधी साडेचार मीटरच्या पुढं गेलाच नाही. आता कायले लागते म्हणा, गंमत म्हणून विचारते.

लोभ आहे. किती आहे ते मोजत बसू नको.

तुझी ताई


वाशीम,
दि. २५ जानेवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडू आलं. मंग मीच मनाले समजावलं, की ताईचं खरंच आहे. तुझ्या लग्नात मी नवा ड्रेस भेटला म्हणून नाचत होती. तुझ्या डोळ्याकडं पाह्यलं नाही, सोळा वर्षांची होती.

आता गोळा. सर म्हणतात, पोरी गोळा हातानं फेकतात तिथंच चुकतात. गोळा तळव्यावर नाही, बोटांच्या बुडाशी ठेवायचा. मान वाकडी करून जबड्याखाली दाबून धरायचा. उजवा गुडघा वाकवायचा, आणि जोर पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात आणायचा. हात सगळ्यात शेवटी. फेकायचा नाही, ढकलायचा, जसं अडकलेलं दार ढकलतो. आणि सोडताना नजर समोरच्या झाडाच्या शेंड्यावर, जमिनीवर नाही. हे कळल्यापासून माझा गोळा पावणेसहा मीटर जाऊन राह्यला! सर म्हणतात हे बाहेर कोणाले सांगू नका, पण तू काय बाहेरची आहेस?

माझं मैदान १७ फेब्रुवारीले आहे. उंचीची भीती वाटते. एकशे पंचावन्न लागते, मी सकाळी मोजली तर एकशे छप्पन भरते, संध्याकाळी अर्धा सेंटिमीटर कमी. मंजूले सांग, मावशीसाठी देवाले हात जोड.

माझ्यावर रुसून राहू नको ताई. लोभ मोजत नाही, पण आटू देऊ नको.

तुझी रेणू


वाशीम,
दि. ९ मार्च

सौ. ज्योत्स्नाताईस,
नमस्कार.

काल लेखी परीक्षेले पात्र झालेल्यांची यादी लागली. सरांनी फळ्याजवळ चिकटवली. मी माझं नाव शोधलं, मैदानी बेचाळीस गुण. मंजूले पेढा दे म्हणून तुले लिहायचं मनात आलं. तेवढ्यात बाजूची पोरगी म्हणाली की रेणू, तुझ्या खाली अजून एक खानझोडे आहे, तिच्याही बापाचं नाव जगदेवच आहे.

ज्योत्स्ना जगदेव खानझोडे, तुझं माहेरचं नाव. चाळीस गुण. गोळ्यात पंधरापैकी बारा.

साडेचार मीटरवाली बाई बारा गुण कशी घेते, हे मले दुसऱ्या कोणाले विचारायची गरज नाही. माझं पत्र समोर ठेवून तू गोळा ढकलला असशील. वहीपण उंदरांनी खाल्ली नव्हती. मी तुले सेकंदासहित सगळं लिहीत होती आणि तू मले मंजूच्या गोष्टी लिहीत होती.

फॉर्म भरला याचा राग नाही. तुझा हक्कच आहे. पण मले काहून सांगतलं नाही?

लोभाचं या वेळी काही लिहीत नाही.

रेणू


आसेगाव,
दि. १५ मार्च

चि. रेणू हिस,
अनेक आशीर्वाद.

तू लिहिलं ते अक्षरन्‌अक्षर खरं आहे. वय अजून बसत होतं, ह्यांनीच फॉर्म भरून दिला. मंगरूळच्या तौसीफभाईच्या वेल्डिंगच्या दुकानातून चार किलोचा गोळा करून आणला. उजाडायच्या आत शाळेच्या मैदानावर ते गाडीचा लाईट लावून उभे राहत आणि मी पळत. सासूबाईंना सांगतलं की वजन कमी करायले जाते. तुझं पत्र तिथंच शेणाच्या हातानं नाही, धुतलेल्या हातानं धरून वाचलं. मान वाकडी, गुडघा वाकडा, नजर शेंड्यावर. पहिल्याच दिवशी एक मीटर वाढला.

सांगतलं काहून नाही? आईले कळलं असतं तर ती म्हणाली असती, आता लहानीच्या आड येऊ नको. आणि मी ऐकलं असतं. एकदा ऐकलं आहे.

अजून एक सांगते, म्हणजे माझ्या पोटात काही राहणार नाही. माझ्या मैदानाची तारीख तुझ्यानंतरची होती. १७ तारखेले तू मैदानावर होती तेव्हा मी इथं भाकरी थापत होती आणि माझ्या मनात आलं की वळणावर रेणूचा पाय घसरावा. फार नाही, दहा सेकंद जावेत एवढाच. तवा उतरून मी बाहेर जाऊन बसली. तुझ्यावर नाही जळत गं, तुले जे भेटलं त्याच्यावर जळते. पण घसरणारा पाय तुझाच होता, म्हणजे फरक काय राह्यला?

हिरवी वही सोबत धाडते. माझं पाठ झालं आहे. तू कर.

लोभ ठेव असं म्हणायचा हक्क मी घालवला. तरी म्हणते.

ज्योत्स्ना


आसेगाव,
दि. २ मे

चि. रेणू हिस,
आशीर्वाद.

तू अकॅडमीतून घरी आली, मोबाईल भेटला, तरी माझा फोन उचलत नाहीस. म्हणून पुन्हा कागद.

यादी तू पाह्यलीच. माझे एकशे बावीस, तुझे एकशे वीस. मी निवड यादीत शेवटची, तू प्रतीक्षा यादीत पहिली. दोन गुणांनी मी आत आणि तू उंबऱ्यावर.

पण मी जाईन असं वाटत नाही. प्रशिक्षण नऊ महिन्यांचं आहे. सासूबाईंनी सरळ सांगतलं की जायचं तर पोरगी सोबत घेऊन जा, मी सांभाळणार नाही. हे दिवसभर मालेगावले. आईले विचारलं तर म्हणाली, रेणू घरात तोंड झाकून पडली असताना मी तुझ्या पोरीले कोणत्या तोंडानं आणू?

म्हणून मी लिहून देते की येत नाही. माझ्यानंतर तुझंच नाव आहे. हे तुझ्यावर उपकार म्हणून करत नाही, मले मार्गच दिसत नाही. २० तारखेच्या आत कळवायचं आहे. तुझी कागदपत्रं तयार ठेव.

ज्योत्स्ना


रिठद,
दि. १२ मे

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मले आनंद झाला. खोटं कायले बोलू? आठ दिवस मी आनंदात होती. कागदपत्रांची फाईल लावली, फोटो काढले, धरमसिंग सरांना फोन करून विचारलं की पहिली आली नाही तर दुसरीले किती दिवसांत बोलावतात. ते म्हणाले, ताईचं असं झालं काय, अरेरे. आणि मी अरेरे म्हणलं नाही.

आता मले कळलं तू भाकरी थापताना बाहेर जाऊन काहून बसली. जळणं काय असते हे मले तेव्हा माहीत नव्हतं, कारण सगळं माझ्याकडंच येत होतं. दूध, अंडी, बाबांची गाडी. तुझी दोन गुणांची यादी लागली आणि मी तुझ्यापेक्षा जास्त जळली. अजून जळून राह्यली. आई तुझं नाव घेते तर मी उठून जाते.

पण फाईल लावताना मंजूचा विचार आला, आणि तुझ्या हळदीचा. तेव्हा बाबांनी तुले थांबवलं. आता सासूबाई थांबवून राह्यल्या. त्या जागेवर मी जाऊन बसली तर तुले थांबवणाऱ्यांत माझंही नाव लागेल. आणि गुण तुझे जास्त आहेत ताई. माझ्याच पत्रानं असले तरी पळाली तू, गोळा ढकलला तू.

म्हणून मंजूले इकडं धाड. मी आईशी बोलली आहे. बाबा रविवारी गाडी घेऊन येतील, तुझ्या सासूबाईंशी काय बोलायचं ते तेच बोलतील. नऊ महिने ती माझ्याजवळ राहील, मी तिले सांभाळून पुढच्या भरतीचा अभ्यास करीन. सकाळी पळायले जाईन तेव्हा आई पाहील.

एक मात्र ऐक. माझा राग गेला असं समजू नको. परेडचं, वर्दीचं, तिथल्या मैत्रिणींचं मले काही लिहू नको, माझ्यानं वाचवणार नाही. सगळं मंजूले लिही. तिले वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन.

लोभ आहे, पण सध्या जळालेला आहे. तसाच चालवून घे.

तुझी रेणू