एक वाटी जास्त

परदेशीपुरा, इंदूर
बुधवार

प्रिय कस्तुरी,

फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून लिहून या कागदाचा फोटो पाठवते आहे. चौथी पास बाईचं अक्षर आहे, नाक मुरडायचं नाही. पुण्याच्या ऑफिसला शुक्रवारी होकार कळवणार आहेस ना? त्याच्या आधी हे पूर्ण वाच.

बारा मुलांतली सात गेली, आता पाचांसाठी काय बालवाडी चालवू, म्हणालीस आणि कुलपाची चावी माझ्या हातात देऊन पुण्याला निघून गेलीस. मी सोमवारी कुलूप काढलं. पाच तर पाच. तुझ्यासारखं गाणंबिणं मला येत नाही, म्हणून काल त्यांना मटर सोलायला बसवलं. अर्धे दाणे तिथेच तोंडात गेले. जाऊ दे. मग शार्दूलच्या हातात पाच वाट्या दिल्या, म्हटलं, मांड. चार वर्षांचं पोर! एकेकासमोर एकेक ठेवत गेला, एक स्वतःला घेतली, आणि म्हणतो, आजी, एक वाटी जास्त आहे, अनुष्का नाही आली. माझ्या तर लक्षातही नव्हतं.

त्याचा बाप देवेंद्र दारातच उभा, पोराचं नाव काढून घ्यायला आलेला. तोच, जो रोज कॉपीची पानं लिहून भरलेली पाहिजेत, एबीसीडी पाहिजे, म्हणून तुझं डोकं खायचा. मला विचारतो, काकीजी, ये इसको किसने सिखाया? म्हटलं, भिया, माझ्या मुलीने. ती रोज वाट्या मांडायला लावायची तेव्हा तुम्ही हसत होता. तुमचा मोठा शंभरपर्यंत पोपटासारखं बोलतो, पण चार पाहुणे आले तर ताटं बरोबर आणेल का? पोराला तिथेच ठेवून परत गेला. नाव काढलं नाही. छाती अशी फुगली माझी, ब्लाउजचा हूकच तुटायचा बाकी होता.

संध्याकाळी त्या गेलेल्या सातही मुलांच्या घरी जाऊन आले. तीन मुलं येत्या सोमवारपासून परत येतायत. बाकीच्यांशी भांडण चालू आहे.

आता खरी गोष्ट. इथे काही शिकवत नाहीत, नुसतं खेळवतात, असं मनोरमाबाई गल्लीभर सांगत फिरल्या. त्यांच्या डोक्यात हे कोणी घातलं, म्हणून तू रडत होतीस. मी घातलं. हळदीकुंकवाला, हसत हसत. तेव्हा मला तसंच वाटायचं. पोरं माझ्या जिभेने घालवली, कस्तुरी. तुझ्या शिकवण्यात काही खोट नव्हती. नोकरी चांगली आहे, जायचं तर खुशाल जा. पण हरले म्हणून जाऊ नकोस.

तुझीच भांडखोर,
आई