‘अ’ नाही, ‘द’

स्नेहलतागंज, इंदूर
१० ऑगस्ट २०२४

ती. पंचशीलाताईस,
सप्रेम जयभीम.
फोनवर हसशील, म्हणून लिहून बसवाल्या शामभियांच्या हाती देते. नव्या खोलीत इंग्रजीची ट्यूशन सुरू केली. पहिल्या विद्यार्थिनी द्वारकाबाई, वय बासष्ट. मुलाकडे कॅनडाला जायचंय. काल डिटरमिनर, म्हणजे नामाआधी लागणारे ‘अ’, ‘द’, ‘धिस’, ‘माय’ असे शब्द, शिकवले. मग या खोलीवर वाक्यं लिहायला सांगितली. ‘अ टेबल’, ‘अ फॅन’ नीट लिहिलं, आणि पुढे ‘द वुमन’ खिडकीपाशी उभी आहे. मी ‘द’ खोडून ‘अ’ केलं. ऐकणाऱ्याला माहीत नसलेलीचा पहिला उल्लेख ‘अ’नंच. तर म्हणाल्या, बेटा, तुला कशी माहीत नाही? रोज तुझ्या मागेच तर असते.
मी वळून पाहिलं नाही, ताई.
माया आहेच, ती राहू दे.
मोनाली

सांवेर
१४ ऑगस्ट

चि. मोनालीस अनेक आशीर्वाद.
खूप हसले. तुझे दाजी म्हणतात, बाईंना मोतीबिंदू असेल, डोळे दाखव. आपल्या फौजी आजोबांच्या घराण्यात भुतंखेतं चालत नाहीत. नुसत्या पोह्यांवर राहू नकोस. भीती वाटली तर सरळ बस धर.
तुझीच, ताई

इंदूर
२३ ऑगस्ट

ती. ताईस जयभीम.
डोळे दाखवले, नजर साफ आहे. सोमवारी बाईंनी ‘दॅट वुमन’ लिहिलं, काल ‘धिस वुमन’. धिस का, विचारलं. जवळच्यासाठी ना, म्हणत त्यांनी वही बाजूला घेतली, कुणाला जागा द्यावी तशी. मग ‘माय’, ‘युवर’ शिकवलं. त्यांनी लिहिलं, ‘युवर सिस्टर’. मी म्हटलं, माझी एकच बहीण, ती सांवेरला. त्या म्हणाल्या, नाक-डोळे तुझेच, चाळिशीची आहे, केसांतून पाणी टपकतंय.
तू बरी आहेस ना? लगेच कळव.
मोनाली

सांवेर
२६ ऑगस्ट

चि. मोनाली,
मी बरी आहे. तुझ्याआधी एक होती. यशोधरा. महूला असताना मी दहाची, ती सातची. सारखी माझ्या मागे यायची. एकदा तलावावर जाताना मी तिला घरी हाकललं. ती घरी पोहोचलीच नाही. संध्याकाळी तलावात सापडली. आईनं पुन्हा तिचं नाव काढू दिलं नाही. मीही जन्मभर ‘आम्ही दोघी’ म्हणत आले.
आज बेचाळीसची असती. गेलेलं माणूस वाढतं का गं?
शनिवारी येते. तोवर तिला काही बोलू नकोस.
ताई

इंदूर
२९ ऑगस्ट

ती. ताईस,
तुझं पत्र काल द्वारकाबाईंसमोरच उघडलं. वाचून रडू आवरेना. आज त्यांनी लिहिलं, खोलीत ‘नो वुमन’. कुठे गेली, विचारलं. म्हणाल्या, तुझ्या खांद्यावरून तिनं अख्खं पत्र वाचलं, मग जिना उतरली. सांवेरची बस कुठून सुटते, विचारत होती.
शनिवारी तू निघू नकोस. तिला राग आहे का, ते बाईंना सांगता आलं नाही. चेहरा कसा होता, एवढंच मी विचारलं. म्हणाल्या, सोबत न्या म्हणून मागे लागलेल्या लहान पोरीचा असतो, तसा.
दार वाजलं तर तिला आत घे.
आपल्या तिघींत लोभ असू दे.
तुझी मोनाली