खरकट्याच्या पिशवीची गाठ

आबा, काल बारामतीत आमच्या दारात कचऱ्यावरून भांडण झालं, माझं आणि तुमच्या नातीचं. तिच्या जन्माआधीच तुम्ही गेलात, तिला पाहिलं नाहीत. तिसरीत आहे, आणि शाळेत सांगितलेलं म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ. खरकटं पिशवीत भरायचं, गाठ घट्ट मारायची, म्हणजे घंटागाडीवाल्याचे हात खराब होत नाहीत. यात चूक काहीच नाही. पण गाडी चुकली की आमच्या गल्लीतले लोक पिशव्या कोपऱ्यावर ठेवतात आणि मोकाट गाई तिथं येतात. कालही गाडी चुकली होती. ती पिशवी घेऊन कोपऱ्याकडं निघाली तेव्हा मी म्हटलं, "गाठ सोड." ती म्हणाली, "मम्मी, टीचरनी बांधायला सांगितलंय."

मला इंदापूरकडचं आपलं गाव आठवलं. शाळेत उरलेली खिचडी आम्ही पोरं पिशवीत बांधून मागच्या खड्ड्यात गाईंसाठी टाकायचो. घरी आई लग्नातल्या उरलेल्या पुऱ्या तशाच बांधलेल्या गाईपुढं ठेवायची. अन्न वाया घालवू नये, गाईच्या मुखी घालावं, ही शिकवण दोन्हीकडची. मग आपली तांबडी गाय फुगून मेली. डॉक्टरांनी पोट फाडलं तर आत पिशव्या, गाठी तशाच. तुम्ही ओट्यावर बसून आहात, आईनं दिलेलं पाणीही घेत नाही. "पोरी, पुण्य म्हणून आपुनच इख चारलं गं हिला," एवढंच म्हणता.

त्यानंतर शाळा सुटायच्या वेळी तुम्ही रोज खड्ड्यापाशी यायचात. एकेक गाठ सोडून खिचडी मोकळी करायची, पिशव्या पोत्यात भरायच्या. गुरुजी म्हणाले, "आबा, तुमी कशाला? पोरांना सांगतो की मी."

"सांगा गुरुजी. पर ती शिकस्तवर गाई काय थांबत न्हाईत."

पोरं हसायची, तुम्हीही त्यांच्याबरोबर हसायचात. हळूहळू पोरं आपापली गाठ सोडूनच खरकटं टाकायला लागली. तुम्ही कुणाला कधी एक शब्द सांगितला नव्हता.

हे सगळं मी काल तिला सांगितलं. तिनं डोळे पुसले, गाठ सोडली, खरकटं गाईपुढं मोकळं केलं आणि रिकामी पिशवी घरी आणली. मला वाटलं, जिंकले. आज सकाळी पाहते तर कोपऱ्यावर न्यायच्या पिशवीला पुन्हा घट्ट गाठ. "हाताला वास येतो, मम्मी. आणि टीचर विचारतात." मी तिच्यावर नको तेवढी ओरडले. बिचारी रडतच शाळेच्या गाडीत बसली.

हे पत्र माझ्याजवळच राहणार. ती गेल्यावर मीही रडले, आणि गाईसाठी रडले असं म्हणाले तर ते खोटं होईल. कोपऱ्यावरच्या गाईंकडं मी एरवी बघतही नाही, आबा. मला लेकीत कुठंतरी तुम्ही दिसायला हवे होतात, आणि काल घटकाभर दिसला होतात.