कुणग्यांची नावं

सर, तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, आणि गेल्या महिन्यात मी तुमचा फोटो तळाला नेऊन ठेवला. वाचनालयाच्या कमिटीला गावाची वेबसाईट हवी होती. पेडण्यात बसून मी हेच काम करते. देवस्थानं, भजनी मंडळं, बायकांचे गट, ज्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आणि खर्चायला फारसं काही नसतं, त्यांच्या साईट बांधते. त्यासाठी एक फुकट मिळणारी प्रणाली आहे, जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली. कोणीही घ्यावी, हवी तशी बदलावी. पण तिच्यातली कुठलीही ओळ कोणी लिहिली, ते नावासकट नोंदलेलं असतं. हे तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. कमिटीचे अध्यक्ष तुमचेच विद्यार्थी. "सरांचो फोटो वयर दिसाक होयो," असं त्यांनी मला चारदा बजावलं. मी तो पानाच्या उजव्या पट्टीत अगदी वर लावला. अध्यक्षांनी आपल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर पाहिला आणि हात जोडले. फोनवर मात्र ती पट्टी घसरून सगळ्यात खाली जाते, संपर्काच्या फॉर्मच्याही खाली, आणि आख्खा गाव साईट फोनवरच बघतो. दुरुस्त करायला एक मिनिट लागेल. मी करणार नाही.

तुम्हाला ते वर्ष आठवत नसेल. मी आठवीत आहे, वाचनालयाची स्मरणिका निघायची आहे, आणि तुम्ही वर्गात सांगता की गावाविषयी कोणीतरी नवं काही लिहून आणा. मी कुणग्यांची नावं लिहायचं ठरवते. आपल्याकडे भाताच्या प्रत्येक खाचराला, प्रत्येक कुणग्याला नाव असतं, पण ते कागदावर कुठेच नसतं. म्हणून मी तीन रविवार आमच्या वाड्यावरच्या मांयकडे जाऊन बसते. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात लावणी केलेली ती म्हातारी, अंगणात काजूच्या बोंडूंच्या बिया सोडवता सोडवता सांगत जाते आणि मी उतरवून घेते. "ह्या कुणग्याक उपाशी म्हणतत गे बाय. कितीय शेण घाल, तेचा पोट भरना नाय." एका बांधावर नवी नवरी पाय घसरून चिखलात पडली, म्हणून ती व्हकलेची मेर. एका कुणग्यात म्हैस तीन दिवस रुतून बसली होती. मी घरी येऊन सगळं शुद्ध मराठीत लिहून काढते, तीनदा लिहिते, आणि वही तुमच्या टेबलावर ठेवते. तुम्ही ती चाळता आणि म्हणता, "बरें जालां." त्या दोन शब्दांवर मी दोन महिने काढते.

मग म्हापशाच्या छापखान्यातून स्मरणिकेचे गठ्ठे आले. सुतळी मीच सोडली. सोळाव्या पानावर उपाशी कुणगा होता, व्हकलेची मेर होती, म्हैस होती, स्वल्पविरामसुद्धा माझेच होते, आणि खाली नाव तुमचं होतं. मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत गेले. तुम्ही चहात उंडो पाव बुडवून खात होता. उंड्याचा तुकडा कपात पडू नये म्हणून तुम्ही माझ्याकडे वर बघितलंही नाही. "अगे, नाव कोणाचा ता कित्याक होया तुका? गावाचा काम ता. आणि तुझा नाव घालून वाचतलो कोण?" दुसऱ्या बाई हसल्या. संध्याकाळी तुम्ही घरी आलात, वही परत केलीत आणि मला बक्षीस म्हणून शाईचं पेन दिलंत. आईला इतका आनंद झाला की तिनं ते देवाजवळ ठेवलं. रोज दिवा लावताना ते मला दिसायचं, आणि रोज मी देवाकडे तुमच्याबद्दल काय मागायची ते इथे लिहीत नाही.

तुम्ही गावासाठी झिजलात असं सगळे म्हणतात. झिजलात, खोटं कशाला बोलू? पुस्तकांना पुठ्ठे तुम्ही घातलेत, पावसात वाचनालयाच्या कौलांवर तुम्ही चढलात. तुम्ही गेलात तेव्हा मी म्हापशाला शिकत होते. परीक्षा आहे असं घरी कळवलं आणि अंत्ययात्रेला आले नाही. परीक्षा नव्हती.

कमिटीनं जुन्या स्मरणिका स्कॅन करायला माझ्याच हातात दिल्या, तेव्हा मला हसू आवरेना. साईटची चावी माझ्याकडे, कोण लेखक आणि कोण नुसता वाचक हे ठरवणारी मी. सोळावं पान मी पुन्हा टाईप केलं, माझ्या नावानं, ठळक अक्षरात, आणि वर टीप दिली की हा लेख पूर्वी चुकून दुसऱ्या नावाने छापला गेला होता. त्या "चुकून"वर मी एक तास घालवला. आधी "चोरून" लिहिलं होतं. अध्यक्षांचा फोन आला. "अगे, सरांचा नाव कित्याक काडलंय? मेल्या माणसाक बरा दिसता काय ह्या?" मी म्हटलं, "वही हाडून दाखवू?" त्यांनी फोन ठेवला. मला बरं वाटलं, सर. इतकं बरं मला लग्नातही वाटलं नव्हतं. वाचणारे पुष्कळ निघाले, तेही माझं नाव घालून.

नऊ दिवसांपूर्वी त्या लेखाला वास्कोहून एका बाईची प्रतिक्रिया आली. ती मांयची नात. प्रतिक्रिया आधी माझ्याकडे मंजुरीला येतात, म्हणून ती अजून माझ्याशिवाय कोणी पाहिलेली नाही. "लेख वाचताना आजी समोर बसून बोलतेय असं वाटलं, वाक्य न् वाक्य तिचंच आहे. तिचं नाव कुठे दिसलं नाही. राहून गेलं असेल." पहिला विचार आला तो हाच, की तुम्हीच खोडलं असणार. मी माळ्यावरची वही काढली. मला ते खोडलेलं हवं होतं, सर, तुमच्या लाल शाईतलं. खाडाखोड कुठेच नव्हती. शेवटच्या पानावर वळणदार अक्षरात माझं नाव, इयत्ता, तुकडी. मांयच्या जागी एकच वाक्य होतं, "गावातील जुनी माणसे असे सांगतात."

प्रतिक्रियेखाली "मंजूर" आणि "कचरा" असे दोन पर्याय असतात. "कचरा"पाशी मी दोनदा जाऊन आले. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, हे या वहीमुळे बदलत नाही. हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही, आणि यातलं काही तुम्हाला कळावं अशी माझी इच्छाही नाही. काल सकाळी मात्र मी लेख दुरुस्तीला उघडला, माझ्या नावाच्या वर एक ओळ मोकळी केली, आणि तशीच बसून राहिले. वाड्यावर लहानथोर सगळे तिला मांयच म्हणायचे. तिचं नाव काय, ते मी त्या तीन रविवारांत विचारलंच नव्हतं.