बाबांच्या नावाचा पेला

रविवार, संध्याकाळ. उदगीर.

आता सगळे घरीच घेतात म्हणे. नवऱ्याने बार सोडला आणि बैठक आमच्या पुढच्या खोलीत आणली. सासूबाई खूश. "लेकरू बाहीर पिऊन पडत न्हाई आता." आणि मी रोज पापड तळतेय.

काचेचा ग्लास खिडकीतून शेजाऱ्यांना दिसतो, म्हणून त्याला स्टीलचा लागतो. त्यातही तोच. बाबांच्या वर्षश्राद्धाला आईने वाटलेला, 'कै. दिगंबरराव यांच्या स्मरणार्थ' असं कोरलेला. बाबा दारूनेच गेले, हे त्याला माहीत नाही का? चांगलं माहीत आहे.

आज त्याच्या मित्राने पेला फिरवून नाव वाचलं. "हे कोण रे?"

"सासरे. आपले गुरुजी हाईत."

दोघं खिदळले. पापडाची ताटली ठेवता ठेवता मीही हसले. का हसले मी?

ते उठल्यावर पेला घासला, लख्ख पुसला. उद्यापासून मीच भरून देणार, काठोकाठ, त्याने थांब म्हटलं तरी. बाबांच्या नावाखाली अजून एक नाव मावतं. बोट ठेवून पाहिलं.