होकानच्या समोरची उशी

बुरट्रेस्क, १६ जून १९७४

प्रिय सिग्नेताई,

आधी खुशाली. पोरं ठणठणीत आहेत. खातात भरपूर, भांडतात त्याहून जास्त. माल्मोत तुझं आणि पियाचं कसं चाललंय? तिचा खोकला गेला का?

खोली झाली. तुझ्या लेकीच्या, गुनिल्लाच्या या तीन लेकरांसाठी मी भिंतीला लागून तीन कप्पे केलेत, आगगाडीतल्यासारखे, एकावर एक. प्रत्येकाला आपला दिवा, आपला पडदा. लाकडाच्या वखारीत फळ्या उचलण्यापासून सुरुवात केलेला माणूस मी, पण इतकं देखणं काम आजवर हातून झालं नव्हतं. नगरपालिकेच्या बाई बघून म्हणाल्या, "इव्हार, मलाच ठेवून घ्या इथे." म्हटलं, "बाई, तुमचे पाय बाहेर येतील."

आणि ताई, कप्प्यांत कुणीच झोपत नाही.

सध्या संध्याकाळचे आठ वाजले तरी खोलीत दुधासारखा उजेड असतो. पडद्यावर बर्च झाडाच्या पानांच्या सावल्या हलतात आणि सगळी खोली तळ्यात सोडून दिलेल्या होडीसारखी वाटते. पोरं गाद्या ओढून जमिनीवर जोडतात आणि आपण झोपायचो तशी झोपतात: एकाची उशी खिडकीकडे, दुसऱ्याची दाराकडे, मधे पायांना पाय. आई 'घासपाय' म्हणायची त्याला. अनेली आणि धाकटा यर्गेन यांची जोडी. थोरल्या होकानच्या समोर कुणीच नाही. नुसती उशी.

माझे चोरटे कान तुला माहीत आहेत. परवा जिन्यात बसून ऐकलं.

"होकान, मी येऊ तिकडे?" यर्गेनने विचारलं.

"गप रे. ती पियाची जागा आहे."

"पण ती तर माल्मोला आहे!"

"जागेपणी," अनेली म्हणाली. "झोप लागली की इकडेच येते. काल पाय कसले गार होते तिचे!"

"थापाड्ये!"

"मग विचार ना होकानला."

होकान अकरा वर्षांचा, कशालाच चटकन हो म्हणत नाही. मग म्हणाला, "गारच होते."

मी खाली येऊन मोजपट्टी शोधून ठेवली.

आता लिहायचं ते लिहितो. गुनिल्लाला पुरून आल्यावर कॉफी घेताना मी म्हणालो होतो, खोलीत चौघांपैकी तीनच मावतात, मी मोजलंय. तू सुताराच्या शब्दावर विश्वास ठेवलास आणि पियाला घेऊन गेलीस. मी मोजलं नव्हतं, ताई. पिया हुबेहूब गुनिल्लासारखी हसते, शेवटी ती बारीकशी उचकी देऊन. ते हसू रोज घरात ऐकायची हिंमत नव्हती माझी. काल पहिल्यांदा पट्टी लावली. चार गाद्या आरामात मावतात, दारही पूर्ण उघडतं.

पियाला पाठव, असं मी म्हणणार नाही. तिच्यावाचून तुझं घर कसं होईल ते कळतं मला. तूच तिला घेऊन ये. खालची माझी खोली तुझी. मी माझ्या सुतारकामाच्या कारखान्याच्या माडीवर जाईन, तिथे घोरलेलं कुणाला ऐकू येत नाही. उन्हाळ्यापुरती ये, असं लिहिणार होतो, पण पुन्हा अर्धंच खरं झालं असतं. राहायलाच ये. आणि नाही म्हणालीस, तर पिया इथे का नाही ते मुलांना मी स्वतः सांगेन. दोष तुझ्यावर येऊ देणार नाही.

तुझ्याशी आयुष्यात एकदाच खोटं बोललेला,
आणि त्याचं ओझं चार पोरांवर टाकलेला,
तुझा धाकटा
इव्हार