एकाच कागदावर दोन पक्ष

डहाणू, मार्च २०१९

मोरू,

हे पत्र टाकणार नाही. कराचीच्या तुरुंगातला पहारेकरी आधी वाचेल, आणि घरची भांडणं शत्रूला कशाला कळवा?

तुमची बोट पकडली त्याला वर्ष झालं. काल तुझी बायको मैना अंगणात बोंबील वाळत घालत होती. विरोधी पक्षांतले सुनील आणि प्रवीण तिला धीर द्यायला आले आणि आपापल्या पक्षाची बाजू घेऊन भांडत बसले.

"आता पाकिस्तानात घुसूनच मारायचं," सुनील म्हणाला.

"आधी न्यायाधीश नेमा. मोरूची याचिका ऐकायला कोर्टात आहे कोण?" प्रवीण म्हणाला.

"न्यायाधीशांची नावं तुमच्याच लोकांनी अडवलीत."

मैनाने दोन बोंबील उचलले, जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकले आणि शांतपणे विचारलं, "घुसाल तेव्हा तुरुंगातल्याला आधी बाहेर काढाल, की नंतर?"

 तिने तुझ्या सुटकेसाठी दिल्लीला पाठवायचा अर्ज पुढे केला. दोघांनी शेजारीशेजारी सह्या केल्या.

वीस वर्षं मी साप्ताहिकात या दोघांची टिंगल छापतोय, पण असं कधी घडलं नाही. मी थक्क होऊन बाजूला उभा होतो.

"दादा," ती म्हणाली, "तुमची सही राहिली."

तुझा थोरला,
सहीसकट